मालकांच्या फोनवरचा ओटीपी : प्रकल्प नोंदी

२ जानेवारी २०२५, गुरुवार

सोलापुरातला, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा कारखाना. इथले कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे मी गेली सहा वर्षं बघतो. या वेळचं काम वेगळं आहे. ऑफिसातल्या नऊ जणांना एआय चॅटबॉट धड वापरता आला पाहिजे. दिवाळीनंतर मालकांनी पैसे भरून मोठा प्लॅन घेतला. परदेशी गिऱ्हाइकांच्या ईमेलना उत्तरं, कॅटलॉगमधली वर्णनं, कामगारांसाठी नोटिसा हे सगळं त्यावर करायचा बेत होता. दोन महिने झाले. मालकांचं म्हणणं एका वाक्यात: "पैसे जायलेत, पण कुणाचंच चालंना."

आज कशालाही हात लावला नाही, फक्त ऐकून घेतलं. कोड येत नाही. काल केलेलं आज दिसत नाही. सारखं बाहेर काढतंय. अर्धं लिहून थांबतंय. मराठीत विचारलं की भलतंच बोलतंय. डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर उघडतच नाही. एक्स्पोर्ट बघणाऱ्या पोराची तक्रार सगळ्यांत भारी. त्यानं विचारलं, "जीएसएम कमी येतंय, काय करू?" तर बॉटनं मोबाइलची रेंज कशी वाढवायची ते सविस्तर समजावलं. हा बिघाड नाही. जीएसएम हे मोबाइलच्या एका तंत्राचंही नाव. टॉवेलवाल्यांचं जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, हे वाक्यात कुठं आलंच नव्हतं. "टॉवेलचं जीएसएम" असं लिहायला लावलं, उत्तर सरळ आलं.

खातं एकच आहे. मालकांच्या नावावर, मालकांच्या मोबाइल नंबरवर. पासवर्ड नऊही जणांना पाठ. हिशेब बघणाऱ्या अक्कांनी तो मॉनिटरच्या कडेला चिकटवूनही ठेवलाय. कुणीही लॉगिन केलं की कोड जातो मालकांच्या फोनवर, आणि मालक असतात शेडमध्ये. मागांच्या खडखडाटात फोन वाजलेला कुणाला ऐकू येणार? मग ऑफिसातलं पोरगं शेडकडे पळतं, मालक चष्मा शोधतात, आकडे कागदावर लिहून पोरगं परत येतं. तोवर कोडाची दहा मिनिटं सरलेली असतात.

मूळ इथंच आहे असा माझा संशय. पण आधी बाकीचं एकेक निस्तरतो. नाहीतर सगळ्याच गोष्टींचं खापर या एका गोष्टीवर फुटेल आणि खरी कारणं तशीच राहतील.

३ जानेवारी, शुक्रवार

"काल केलेलं आज दिसत नाही", हे तासाभरात सुटलं. लॉगिनच्या पानावर दोन वाटा आहेत. ईमेल-पासवर्ड टाका, नाहीतर गूगलचं बटण दाबा. घाईत असलेला माणूस बटण दाबतो. त्या कॉम्प्युटरवर गूगलला ऑफिसचा वेगळाच ईमेल चालू होता, त्यामुळे बटण दाबल्या दाबल्या नवं, फुकटचं खातं तयार झालं. तेही नीट चाललं, म्हणून कुणाला संशय आला नाही. सोमवारचं काम एका खात्यात, मंगळवारचं दुसऱ्यात. नऊ माणसांत मिळून तीन खाती सापडली. एकाही खात्यातलं काही पुसलेलं नव्हतं.

आता कुणी "माझं गेलं" म्हणालं की माझा पहिला प्रश्न: कोपऱ्यात कुणाचा ईमेल दिसतोय?

६ जानेवारी, सोमवार

डिस्पॅचचा कॉम्प्युटर. उघडताना लाल इशारा, "ही जोडणी सुरक्षित नाही". डिस्पॅचवाल्या भाऊंनी दोन महिने त्याचा अर्थ "या साइटीत व्हायरस आहे" असा लावला होता आणि तो इतरांना सांगितलाही होता. खाली उजवीकडे घड्याळ बघितलं. तारीख १ जानेवारी २००९.

मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरी संपलेली. संध्याकाळी मेन स्विच बंद केला की तारीख मागे जाते. सुरक्षित साइटीच्या प्रमाणपत्रावर "अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत" असं लिहिलेलं असतं. ब्राउझर ते कॉम्प्युटरच्या तारखेशी ताडून बघतो. २००९ सालात बसलेल्या कॉम्प्युटरला २०२४ चं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही, म्हणून तो दार उघडत नाही. बॅटरी बदलली, वेळ इंटरनेटवरून आपोआप घेण्यावर लावली. इशारा गेला.

पण पान तरीही अर्धवटच. विंडोज ७ आहे. तिला मिळणारा कंपनीचा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपला, आणि क्रोमची तिच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ वी. नव्या साइटी तिथं कधी ना कधी लंगडणारच. मालकांना नवा कॉम्प्युटर सुचवला. "टॉवेलच्या गाठी मोजायला कशाला नवा?" असं उत्तर अपेक्षित होतं, तसंच आलं. तात्पुरतं भाऊंना त्यांच्या मोबाइलवर चालू करून दिलं.

८ जानेवारी, बुधवार

आजचा अख्खा दिवस मराठीपायी गेला, आणि मला तो वाया गेला असं वाटत नाही.

अक्कांकडे गेल्या पंधरा वर्षांच्या नोटिसांची फाइल आहे. बोनस, सुट्ट्या, पाळीच्या वेळा. त्यातली एक बोनसची नोटीस उचलून त्यांनी बॉटमध्ये चिकटवली आणि खाली लिहिलं, "हीच नवीन तारखांनी करून दे." बॉटनं दिलं ते इंग्रजीत, कुठल्या तरी पगारपत्रकाविषयी, आणि आत्मविश्वास असा की जणू मूळ कागद त्यानंच टाइप केला होता.

चिकटवलेला मजकूर मी मोठा करून बघितला. वर्डमध्ये सुरेख मराठी, चॅटच्या चौकटीत मात्र रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांचा कचरा. नोटिसा जुन्या फाँटात आहेत. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधी मराठी टायपिंगला अशीच युक्ती असायची: फाइलमध्ये साठवायचं इंग्रजी अक्षराचंच चिन्ह, फक्त फाँटमध्ये त्या जागी "म"चं चित्र बसवायचं. तो फाँट लावलेला आहे तोवर डोळ्यांना मराठी दिसतं. मजकूर दुसरीकडे नेला की फाँट मागं राहतो आणि नुसती चिन्हं पुढं जातात. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा आहे, ०९०० ते ०९७F या क्रमांकांची. तिथला "म" कुठंही नेला तरी "म"च.

अक्कांना हे पटेना. "मला तर मराठीच दिसायलंय की ओ!" माझं समजावणं चालू असताना जॉबर, म्हणजे माग जुळवून देणारे, अण्णा चहाला आले. अण्णा आधी चादरीच्या जॅकार्डवर होते, आता इथं टॉवेलच्या बॉर्डरचे माग बघतात. दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुसऱ्या मागाची कार्डं या मागाला लावलीसारखं झालंय हे. भोकं तीच असतात. हुकांची जोडणी वेगळी, म्हणून फूल वेगळं उठतंय." अक्कांना एका वाक्यात कळलं. मी वीस मिनिटं घालवली होती.

(भोकं पाडलेली कार्डं बघून माग काय विणायचं ते ठरवतो, ते जॅकार्डचं यंत्र १८०४ सालचं. पुढे कॉम्प्युटरनंही माहिती भरायला तसलीच कार्डं वापरली. म्हणजे या विषयावर बोलायचा हक्क माझ्यापेक्षा अण्णांनाच जास्त.)

उपाय: जुन्या फाँटाचं नाव बघून परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणायचा आणि मगच बॉटला द्यायचा. परिवर्तकही चुकतो. "दुसऱ्या"चं "दुसर्या" होतं, "कामगारांच्या"मधला अनुस्वार कधी गळतो. म्हणून अक्का आधी एकदा वाचून घेणार. चाळीस नोटिसा आज उरकल्या.

मला खटकलं ते वेगळंच. बॉटनं "हे वाचता येत नाही" असं म्हटलं नाही. कचऱ्यातून काहीतरी अंदाज बांधला आणि ठोकून दिलं. त्या इंग्रजीला भुलून कुणी ती नोटीस बोर्डावर लावली असती तर बोनसच्या दिवशी गेटवर काय झालं असतं, ते सोलापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

९ जानेवारी, गुरुवार

अर्धाच मेसेज जातो: कारण एंटर. मराठी लिहिताना रोमन अक्षरं दाबून पर्यायांतून शब्द निवडायचा आणि एंटर मारायचा, ही बोटांची सवय. चॅटमध्ये एंटर म्हणजे "पाठव". "आपल्या २० तारखेच्या" एवढंच बॉटला पोचतं आणि तो बापडा विचारतो, कोणत्या महिन्याच्या? शब्द स्पेसबारनं निवडा, नवी ओळ शिफ्ट धरून एंटरनं. मोठा मजकूर आधी नोटपॅडमध्ये. झालं.

१० जानेवारी, शुक्रवार

मालक आज रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून जर्मनी. फ्रँकफुर्टचं हाइमटेक्स्टिल प्रदर्शन १४ ते १७ जानेवारी. मी सकाळीच विषय काढला: तुम्ही तिकडे असताना कोड कुणाकडे येणार? प्रत्येकाचं वेगळं खातं करू, नाहीतर निदान दुसरा फोन तरी जोडून ठेवू.

"फोन माझ्याजवळच असणार की. वॉट्सअॅपवर सांगतो कोड. आल्यावर बघू बाकीचं."

मी गप्प बसलो. बॅगा भरायची गडबड चालू होती. गप्प बसायला नको होतं, हे इथं लिहून ठेवतो.

११ जानेवारी, शनिवार

अकरा वाजताच बॉट बंद. "मर्यादा संपली, नंतर या." पैसे भरलेल्या प्लॅनलाही ठरावीक तासांत किती मेसेज आणि किती चित्रं याची हद्द असते, आणि नऊ जणांचं खातं एक म्हणजे हद्दही एकच. सकाळपासून ती कुणी खाल्ली? मालकांच्या पुतण्यानं. संक्रांतीच्या शुभेच्छांची चित्रं. तिळगुळाची वाटी, मागं सिद्धेश्वर मंदिराचा तलाव, वर पतंग. एकेक चित्र आठ-आठ वेळा बदलून घेतलेलं, कारण चित्रातलं "तिळगूळ" दर वेळी चुकीचंच येत होतं. शेवटी त्यानं अक्षरं मोबाइलवर हातानं टाकली. ऑफिसला दुपारी तीनपर्यंत सुट्टी.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

हे रात्री घरी येऊन लिहितोय.

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, अक्षता सोहळ्याचा दिवस. सातही नंदीध्वज संमती कट्ट्याशी आलेले, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं दाटलेली, मी आईला घेऊन तलावाच्या बाजूला उभा. खिशात फोन थरथरला तो थांबेना. एक्स्पोर्टचं पोरगं एकटंच ऑफिसात होतं, प्रदर्शनातून येणाऱ्या चौकशांना उत्तरं द्यायला. गर्दीत आवाज तुटत होता. चौथ्या कॉलला कळलं ते असं.

मालकांनी स्टॉलवर बसून फोनवर बॉट उघडला. त्याच वेळी तेच खातं सोलापुरात चालू. एकच माणूस पाच मिनिटांच्या अंतरानं सोलापुरात आणि फ्रँकफुर्टात असू शकत नाही. खातं चोरीला गेलं असं धरून सेवेनं दोघांनाही बाहेर काढलं आणि मोबाइलवरचा कोड मागितला. यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. चोर आला असता तरी असंच दिसलं असतं.

कोड येईना. मालक वॉट्सअॅपवर मला सांगतायत, "नंबर चालू हाय की, तुझ्याशी त्याच नंबरवरून बोलायलोय ना!" इथंच गोम. त्यांनी विमानतळावर प्रवासाचं ई-सिम घेतलं होतं आणि आपलं सिम काढून पाकिटात ठेवलं होतं. वॉट्सअॅप नंबराशी आधीच जोडलेलं होतं, म्हणून सिम नसतानाही नुसत्या इंटरनेटवर चालत राहिलं. एसएमएसला मात्र सिम फोनात लागतं, आणि परदेशात त्यावर रोमिंगही सुरू लागतं. हे मी संमती कट्ट्यापासून शंभर पावलांवर, कानात बोट घालून, साडेचार तास मागं असलेल्या माणसाला समजावत होतो. आई म्हणाली, "आजच्या दिवशी तरी ठेव तो फोन." अक्षता पडल्या तेव्हा मी "पाकिटात बघा, पाकिटात" असं ओरडत होतो.

सिम घातलं, रोमिंग सुरू केलं. आणि तोवर त्यांनी "पुन्हा पाठवा" सात वेळा दाबलेलं. नवा कोड निघाला की आधीचा बाद होतो. सातही एसएमएस एकदम, मागं-पुढं होऊन आले. मालकांनी वरून एकेक टाकून बघितला. पाचव्या चुकीला पडद्यावर आलं: फार वेळा प्रयत्न झाले, नंतर या.

मी दोन गोष्टी सांगितल्या. मालकांना: आता काहीही दाबायचं नाही, उद्या दुपारपर्यंत फोन बाजूला ठेवा. पोराला: तुझ्या स्वतःच्या ईमेलवर फुकटचं खातं उघड आणि काम चालू ठेव, गिऱ्हाइकांची नावं आणि भाव मात्र त्यात टाकू नको. पाच मिनिटांत उघडलं. दोन महिने चाललेल्या तमाशाला पाच मिनिटांचा उपाय होता, आणि तो आम्ही संक्रांतीच्या दिवशी नाइलाज म्हणून केला.

१५ जानेवारी, बुधवार. किंक्रांत

नावाप्रमाणेच दिवस. दुपारी अक्कांचा फोन: "कस्टमर केअरवाले दहा रुपये भरा म्हणतायत, भरू का?"

कसले कस्टमर केअरवाले? त्यांनी बॉटचं नाव आणि "हेल्पलाइन नंबर" असं शोधलं, पहिला दिसलेला नंबर लावला. पलीकडचा गृहस्थ मराठी-हिंदीत गोड बोलला, खातं उघडून देतो म्हणाला, त्यासाठी एक अॅप टाकायला सांगितलं आणि पडताळणीचे दहा रुपये मागितले. अॅप आपल्या फोनचा पडदा पलीकडच्याला दाखवणारं. दहा रुपये भरायला बँकेचं अॅप उघडलं असतं तर पिनसकट सगळं त्याला दिसलं असतं, आणि अक्कांच्या फोनवर कारखान्याचं चालू खातं आहे. अॅप उतरवलं होतं, उघडलं नव्हतं. काढून टाकायला लावलं, फोन बंद करून चालू केला, बँकेचा पासवर्ड बदलला. काही गेलेलं नाही.

आम्ही वापरतो त्या सेवेला फोनवरचं कस्टमर केअर मुळात नाहीच. मदत तिच्याच संकेतस्थळावर, लिहून मागायची. पैसे गेलेच तर १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर, आणि तोही लगेच लावायचा, कारण वेळेत कळवलं तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येतात. हा नंबर आता मॉनिटरच्या कडेला आहे. तिथला पासवर्डाचा कागद मी काढून फाडला. अक्का काही बोलल्या नाहीत. रागावल्या असाव्यात, माझ्यावर नव्हे.

१६ जानेवारी, गुरुवार

मालकांना एकच कोड मागवायला लावला. एकच आला, एकदाच टाकला, खातं उघडलं. संध्याकाळी होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघितलं. फोन घरी.

२० जानेवारी, सोमवार

मालक परतले. बैठक. मला वाटलं होतं आता एका वाक्यात हो म्हणतील. नाही म्हणाले.

अर्ध्या तासानं खरं कारण बाहेर आलं. एक खातं असल्यामुळे रात्री घरी बसून ते सगळ्यांच्या चॅट वाचत होते. कोण काय विचारतं, कोण किती काम करतं. ऑफिसात हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच अक्का महत्त्वाचं काही त्यावर विचारत नव्हत्या आणि एक्स्पोर्टचं पोरगं इंग्रजीतल्या शंका आपल्या बहिणीला विचारायचं. "मालकाला कळलं की मला 'रिगार्डिंग' लिहायला येत नाही, तर?" म्हणजे "कुणाचंच चालंना" याचा निम्मा भाग तंत्राचा नव्हताच.

मी हे बैठकीत बोललो नाही, चहाच्या वेळी मालकांना एकट्याला सांगितलं. ते बराच वेळ खिडकीतून गेटकडे बघत बसले. मग म्हणाले, "कर वेगळी."

ठरलं ते असं: टीमचा प्लॅन, पाच जणांना, प्रत्येकाचा स्वतःचा ईमेल. बाकीच्या चौघांना लागतच नाही, त्यांनीच सांगितलं. पैसे मालक भरणार, माणूस आत घेणं-काढणं त्यांच्याकडे. कोड एसएमएसवर नाही, प्रत्येकाच्या फोनमधल्या ऑथेंटिकेटर अॅपवर. फोन हरवला तर वापरायचे राखीव कोड छापून तिजोरीत, चेकबुकांशेजारी.

२१ जानेवारी, मंगळवार

पाचांतले चार लगेच बसले. डिस्पॅचवाल्या भाऊंचा कोड मात्र दर वेळी चुकीचा. अॅप तेच, आकडे बरोबर टाकतात, तरी नाही. काढून पुन्हा जोडलं, तरी नाही. तासभर डोकं खाजवलं.

मग भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर गेली आणि त्यांच्या फोनकडे. फोन सात मिनिटं पुढं. "मुद्दाम ठेवलाय ओ. एसटी चुकायची माझी."

हा कोड फोनला कुणी पाठवत नाही. फोन आणि सेवा दोघांकडे एक गुप्त किल्ली असते. ती आणि आत्ताची वेळ मिळून दोघंही आपापल्या जागी तोच आकडा काढतात, दर तीस सेकंदांनी नवा. थोडंफार मागंपुढं चालवून घेतात. सात मिनिटं म्हणजे चौदा कोड पुढं. भाऊ दर वेळी सात मिनिटांनंतरचा कोड टाकत होते. वेळ आपोआप घेण्यावर लावली, पहिल्याच फटक्यात आत. एसटीचं काय, तर आता ते मनगटावरचं घड्याळ पुढं ठेवणार आहेत.

एकाच माणसाला कॉम्प्युटरनं मागं टाकलं आणि फोननं पुढं नेलं. चहावर अण्णांनी त्यांची पुरती फिरकी घेतली.

२२ जानेवारी, बुधवार

उरलेल्या दोन तक्रारी: सारखं बाहेर काढणं आणि अर्ध्यात थांबणं. वेगळी खाती झाली तरी या दोन राहिल्या, म्हणजे कारण वेगळं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवून बसलो. खासगी विंडो: तरीही तेच. दुसरा ब्राउझर: तेच. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तोच लॅपटॉप: तासभर एकदाही नाही. म्हणजे खातं ठीक, कॉम्प्युटर ठीक, ऑफिसचं इंटरनेट संशयित.

ऑफिसात दोन ब्रॉडबँड आहेत. एक गेलं तर दुसरं असावं म्हणून मीच दोन वर्षांपूर्वी घ्यायला लावलेली. राउटरवर मात्र दोन्हींत भार वाटून द्यायची सेटिंग. म्हणजे एक विनंती या वाटेनं, पुढची त्या वाटेनं, आणि सेवेला एकच माणूस क्षणाक्षणाला पत्ता बदलताना दिसतो. तिला संशय आला की पुन्हा लॉगिन. ती सेटिंग कुणी लावली होती? मी. एक लाइन मुख्य, दुसरी फक्त पहिली मेल्यावर, असं केलं. बाहेर काढणं थांबलं. बिल लावताना हा तास धरणार नाही.

अर्ध्यात थांबणं कमी झालं, गेलं नाही. बॉटचं उत्तर एकगठ्ठा येत नाही. जोडणी उघडी ठेवून तुकड्यातुकड्यांनी येतं, म्हणून ते टाइप होताना दिसतं. मध्ये कुणी ती जोडणी अडवली की वाक्य लटकतं. अँटिव्हायरसचं वेब तपासणारं अंग असंच करत होतं. तेवढ्या एका साइटीला सूट दिली. दुपारनंतर पूर्ण उत्तरं.

२३ जानेवारी, गुरुवार

सायंकाळी पाचच्या सुमारास पाचही जणांचं बंद. एकाच वेळी, मोबाइलच्या नेटवरही. मग आपल्याकडे शोधण्यात अर्थ नाही. सेवा चालू आहे की बंद ते सांगणारं तिचं स्थितीपान उघडलं, तिथं गडबड कबूल केलेली. भाऊंनी तोवर पासवर्ड बदलायला घेतला होता, त्यांना थांबवलं. पलीकडचं बंद असताना इकडं काही बदललं की ते सुरू झाल्यावर नवी अडचण आपण तयार केलेली असते.

परत सुरू झाल्यावर पोरानं बॉटलाच विचारलं, मघाशी काय झालं होतं? त्यानं "सेटिंग्जमध्ये जाऊन जोडणी दुरुस्ती हा पर्याय निवडा" असं सांगितलं. असा पर्यायच नाही. आपल्या सर्व्हरवर मघाशी काय झालं ते त्याला दिसत नाही, पण प्रश्न आला की उत्तर जुळवायचं हा त्याचा स्वभाव. लॉगिनबद्दल त्याला विचारायचं नाही, एवढं पाचांना सांगितलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

अक्कांची चॅट संथ झाली आणि "आधी सांगितलेलं विसरतंय". बघितलं तर नोटिसा, जीएसटीच्या शंका, घरचा हुरड्याचा बेत, सगळं एकाच चॅटमध्ये. एका वेळी किती मजकूर डोळ्यासमोर ठेवायचा याची बॉटला सीमा आहे, आणि तेवढ्याच आशयाला मराठी इंग्रजीपेक्षा बहुतेक वेळा जास्त जागा खाते. विषयागणिक नवी चॅट करायला सांगितलं. "मग हुरड्याची पण वेगळी करू?" करा की.

२७ जानेवारी, सोमवार

सकाळी ऑफिसच्या वॉट्सअॅप ग्रुपवर मालकांचा मेसेज: सहा आकडे आणि खाली, "कुणाचा आहे?"

कुणीच मागितला नव्हता. जुन्या खात्याचा कोड. न मागता कोड आला म्हणजे पासवर्ड कुणीतरी टाकलाय, आणि तो कोड ग्रुपवर लिहिणं म्हणजे चोराला किल्ली हातात देणं. फोनवर मी जरा चढ्या आवाजात बोललो. नंतर शोधलं तर चोर डिस्पॅचमध्येच निघाला. विंडोज ७ वाल्या कॉम्प्युटरवर जुना पासवर्ड साठवलेला होता, भाऊंनी सवयीनं क्लिक केलं होतं, आणि एवढे दिवस न उघडणारं पान आज नेमकं उघडलं होतं.

जुन्या खात्यातल्या कामाच्या चॅट उतरवून घेतल्या, सगळ्या ठिकाणांहून लॉगआउट केलं, खातं बंद केलं. मालकांनी ग्रुपवरचा मेसेज पुसला. दुपारी त्यांनी डिस्पॅचच्या नव्या कॉम्प्युटरचं कोटेशन मागितलंय.